गाणं कुणाचं? ग्रीकांच्या म्यूझ देवता, आपली शारदा आणि जात्यावरची ओवी



दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची पद्धत इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पाटीची पूजा झाली, फुलं वाहिली, पुस्तकांना हळदकुंकू लागलं की मुलं मोकळी. पण ही आकड्यांची बाई नेमकं करते काय, हे आपण सहसा विचारत नाही. ती विद्या देते, असं म्हणतो. देते म्हणजे काय करते? कवीला कविता सुचते, गवयाला जागा सुचते, तेव्हा हिचा त्यात वाटा किती आणि त्याचा स्वतःचा किती? आज याच प्रश्नाकडे जायचंय. रस्ता थोडा लांबचा आहे, ग्रीसमधून जाणारा आहे. पण परत राजूरलाच येतो, काळजी करू नका.

ग्रीकांकडे काव्याची, गाण्याची देवता एक नव्हती, नऊ होत्या. त्यांना म्हणतात म्यूझ. त्यांच्या नावावरून तयार झालेले दोन शब्द आपण रोज वापरतो: एक म्युझिक आणि दुसरा म्युझियम. म्युझियम म्हणजे मूळ अर्थाने म्यूझ देवतांचं स्थान. नावं एकदा कानावरून जाऊ द्या: क्लिओ, युटर्पी, थलिया, मेल्पोमनी, टर्प्सिकोरी, एराटो, पॉलिहिम्निया, युरेनिया आणि कॅलिओपी. इतिहास क्लिओकडे, शोकांतिका मेल्पोमनीकडे, नृत्य टर्प्सिकोरीकडे, आकाशातल्या ताऱ्यांचं शास्त्र युरेनियाकडे, अशी खातेवाटप पाठ्यपुस्तकात देतात. ती बरीच नंतरची आहे. ही नऊ नावं पहिल्यांदा देणारा कवी हेसिअड, इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराचा. त्याच्याकडे असं खातेवाटप नाही. तिथे त्या एकत्र गातात, एकत्र नाचतात.

महत्त्वाची गोष्ट त्यांच्या आईची. त्यांचा बाप देवांचा राजा झ्यूस. आणि आई? तिचं नाव म्नेमोसिनी, म्हणजे स्मृती. आठवण. नऊ रात्री झ्यूस तिच्याकडे गेला आणि नऊ मुली झाल्या, अशी कथा आहे. आता जरा थांबून बघा, ग्रीकांनी कवितेची आई कोण ठरवली? कल्पना नव्हे, भावना नव्हे, सौंदर्यसुद्धा नव्हे. आठवण.

याचं कारण समजायला तो काळ डोळ्यांसमोर आणावा लागतो. इलियडमध्ये पंधरा हजारांहून जास्त ओळी आहेत. हे काव्य ज्या परंपरेतून आलं ती तोंडी गाण्याची परंपरा होती. विसाव्या शतकात मिल्मन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. हे गायक हजारो ओळी गात, पण शब्दन् शब्द पाठ करून नाही. ठरलेले शब्दसमूह, ठरलेली विशेषणं, ठरलेले प्रसंग त्यांच्या अंगात मुरलेले असत आणि गाता गाता ते काव्य उभं करत. आपले गोंधळी, वासुदेव, पोवाडे गाणारे शाहीर ज्यांनी ऐकलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा माणसाची स्मृती म्हणजे गोदाम नसते, ती चालती भट्टी असते.

आता होमर म्यूझला हाक कशासाठी मारतो ते पाहू. इलियडच्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयवर चालून गेलेल्या जहाजांची, सरदारांची लांबच लांब यादी येते. ती सुरू करण्याआधी कवी थांबतो आणि देवतांना सांगतो की तुम्ही तिथे हजर होतात, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आमच्यापर्यंत फक्त कानगोष्ट पोचलेली आहे. तेव्हा तुम्हीच सांगा.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून मला इथे एक ज्ञानशास्त्राचा प्रश्न दिसतो. कवी शोभेसाठी देवीचं नाव घेत नाहीये. जे मी पाहिलं नाही ते मी तुम्हाला कोणत्या अधिकाराने सांगू, हा त्याचा प्रश्न आहे. म्यूझ म्हणजे त्याची साक्षीदार. ओडिसीमध्ये डेमोडोकस नावाचा आंधळा गायक आहे. म्यूझने त्याचे डोळे नेले आणि गाणं दिलं. तो ट्रॉयची कथा गातो तेव्हा प्रत्यक्ष त्या लढाईत असलेला ओडिसियस समोर बसलेला असतो. तो म्हणतो, तू असं गातोस जणू स्वतः तिथे होतास, किंवा जो होता त्याच्याकडून ऐकलंस. आंधळ्या माणसाला याहून मोठी दाद कोणती देणार?

आणि ज्याला वाटतं की सगळं माझंच आहे, त्याचं काय होतं? थॅमिरिस नावाचा गायक म्हणाला, म्यूझ देवता स्वतः गायल्या तरी मी त्यांना हरवीन. होमर सांगतो, देवतांनी त्याचं गाणं काढून घेतलं आणि वाद्य कसं वाजवायचं तेही त्याच्या स्मरणातून पुसून टाकलं. शिक्षा बघा कसली आहे: विस्मरणाची.

हेसिअडची गोष्ट आणखी मजेशीर आहे. हा मेंढपाळ. हेलिकॉन डोंगराच्या पायथ्याशी मेंढरं चारत होता. तिथे म्यूझ त्याला भेटल्या, आधी त्यांनी मेंढपाळांना चांगलं फटकारलं आणि मग सांगितलं की खऱ्यासारखं दिसणारं खोटं आम्हाला पुष्कळ सांगता येतं आणि मनात आलं तर खरंही सांगता येतं. मग लॉरेलच्या झाडाची काठी त्याच्या हातात दिली. आता या प्रसंगात एक गोष्ट सहज निसटते. हेसिअड हा स्वतःच्या काव्यात स्वतःचं नाव घालणारा आपल्याला माहीत असलेला पहिला ग्रीक कवी, आणि ते नाव तो नेमकं इथे घालतो, जिथे गाणं आपलं नाही, देवतांनी दिलं, असं सांगतो तिथे. हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

याच हेलिकॉन डोंगराबद्दल इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानिअस नावाच्या प्रवाशाने एक जुनी समजूत नोंदवली आहे. तिथे म्हणे आधी नऊ नव्हत्या, तीनच म्यूझ होत्या. मेलेटी, म्नेमी आणि आयॉइडी. म्हणजे सराव, स्मरण आणि गाणं. मला ही तीन नावं नऊ नावांपेक्षा जास्त आवडतात. आपल्याकडच्या काव्यशास्त्रात काव्याची कारणं सांगताना प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास ही तीन नावं येतात. दोन्ही यादींमध्ये रियाजाला जागा आहे. वरून प्रसाद पडेल म्हणून हात पसरून बसलेला कवी दोन्हीकडे मान्य नाही.

प्लेटोला मात्र कवींचा राग होता. 'आयॉन' या संवादात तो एक प्रतिमा देतो. लोहचुंबकाला एक लोखंडी कडी चिकटते, त्या कडीला दुसरी, दुसरीला तिसरी. चुंबक म्हणजे म्यूझ. पहिली कडी कवी, दुसरी त्याचं काव्य म्हणून दाखवणारा गायक, आणि शेवटची कडी श्रोता. ओढ सगळ्यांत एकच, पण ती कुठल्याच कडीची स्वतःची नाही. प्लेटोने हे कौतुकाने सांगितलं नाही. तुम्हाला स्वतःला काही कळत नाही, तुमच्यात दुसरंच कोणी बोलतं, असा टोमणा त्यात आहे. पुढे आपल्या आदर्श राज्यातून त्याने कवींना बाहेरच काढलं. पण टोमणा बाजूला ठेवला तर प्रतिमा फार चांगली आहे, आणि आपल्याकडे ती फार चांगली बसते.

चला, आता इकडे येऊ.

आपली सरस्वती स्मृतीची मुलगी नाही. ती मुळात नदी, मग वाणी. वाक्. ग्रीक देवता कवीला माहिती पुरवते. आपली देवता म्हणजे ज्याने बोलायचं ते बोलणंच. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी असे वाणीचे चार टप्पे आपण ऐकलेले असतात. ओठांवर येते ती वैखरी, त्याआधी मनात जुळणारी मध्यमा, त्याहून खोल जिथे शब्द आणि अर्थ अजून सुटे झालेले नाहीत ती पश्यंती, आणि सगळ्याच्या मुळाशी परा. म्हणजे हाक मारायची ती बाहेरच्या कुणाला नाही. देवता आतच आहे आणि ती बाहेर येते.

साधारण इसवी सन ९०० च्या आगेमागे राजशेखर नावाचा कवी-पंडित होऊन गेला. त्याच्या 'काव्यमीमांसा' ग्रंथात एक सुंदर कथा आहे. सरस्वतीने हिमालयात तप केलं आणि तिला मुलगा झाला. त्याचं नाव काव्यपुरुष. तो रुसून घर सोडून निघाला, तेव्हा त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडली, आणि शेवटी त्यांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम! युरोपात पुढच्या काळात म्यूझ ही कवीची प्रेयसी होत गेली. आपल्याकडे ती आई राहिली. कविता हे तिचं लेकरू.

आता आपली प्रवरा. रतनगडाच्या कुशीत उगम पावते, भंडारदऱ्यातून आपल्या या परिसराला वळसा घालून अकोल्याला, संगमनेरला जाते आणि खाली नेवाशाला पोचते. त्याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून झाली. आरंभाला गणेशवंदन आहे, पुष्कळ ओव्यांचं, सगळ्या शास्त्रांचं रूपक गणपतीच्या अंगावर चढवलेलं. त्यानंतर शारदेला नमस्कार, एकाच ओवीत. आणि मग सद्गुरू निवृत्तिनाथ. गुरूची स्तुती त्या अध्यायापुरती थांबत नाही. पुढच्या कितीतरी अध्यायांच्या सुरुवातीला ज्ञानदेव गुरूलाच हाक मारतात. म्हणजे म्यूझची जागा इथे हळूच एका जिवंत माणसाने, थोरल्या भावाने घेतली आहे. ज्ञानदेव बोलले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, समोर श्रोते बसलेले. मधूनमधून ज्ञानदेव त्यांच्याशी लाडाने बोलतात. प्लेटोच्या सगळ्या कड्या इथे आहेत, फक्त कुणीच बेशुद्ध नाही.

समर्थांचा दासबोध उघडा. पहिल्या दशकात गणेशस्तवन, मग शारदास्तवन, मग सद्गुरुस्तवन, संतस्तवन, आणि सहावा समास कशाचा? श्रोतेस्तवन. त्याच्यापुढे कवेश्वरस्तवन आणि सभास्तवन. ऐकणाऱ्याची स्तुती करायला अख्खा समास. होमर श्रोत्याला नमस्कार करत नाही. मराठी ग्रंथकर्ता करतो, कारण शेवटची कडी नीट नसेल तर चुंबकाची ओढ हवेतच राहते हे त्याला कळलेलं आहे.

हे झालं पोथीतलं. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात, जव्हार-मोखाड्यापासून इकडे अकोले तालुक्याच्या बाजूपर्यंत, बोहाडा होतो. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून देवदेवतांची सोंगं निघतात. आधी गणपती, आणि त्याच्याबरोबरीने सारजा. सारजा म्हणजे शारदा. कोकणातल्या दशावतारातही सुरुवातीला गणपतीच्या पाठोपाठ सरस्वती येते. तिथे देवीचं वर्णन करून भागत नाही; तिला यावं लागतं, नाचावं लागतं, तेव्हा पुढचा खेळ सुरू. आणि मुखवट्यामागे असतो गावातलाच कुणीतरी, ज्याने दुपारी बैल सोडलेले असतात.

पण माझ्या मते आपली खरी म्यूझ मुखवट्यातही नाही आणि पोथीतही नाही. ती जात्याशी बसलेली आहे.

पहाटे दोघी समोरासमोर बसतात, खुंटा धरतात, मूठमूठ वैरण घालतात, आणि ओवी सुरू होते. पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी तमक्याला, मग आई, मग भाऊ, मग लेक, मग स्वतःचं दुःख. हेही मंगलाचरणच की! ओव्या गोळा करणाऱ्या अनेकांचा एक अनुभव आहे. म्हाताऱ्या बाईला नुसतं 'ओवी सांगा' म्हटलं तर तिला आठवत नाही. तिला जात्यापाशी बसवा, खुंटा हातात द्या, की एकामागून एक येऊ लागते. स्मृती तिच्या डोक्यात जेवढी आहे तेवढीच खांद्यात आणि दगडाच्या घरघरीत आहे. म्नेमोसिनीला मराठीत शोधायचं झालं तर मी तिथे शोधीन. आणि जनाबाईने तर कमालच केली. तिच्या अभंगांतून आणि भोवतीच्या कथांतून विठ्ठल स्वतः तिच्याबरोबर दळायला बसतो. ग्रीक देवता काठी देऊन निघून जाते. आपला देव खुंट्याला हात लावतो.

मग गावात पिठाची गिरणी आली. मी गिरणीच्या विरुद्ध नाही. पहाटे उठून दळणारीला विचारा, गिरणीने तिच्या आयुष्यातून काय काढून घेतलं आणि काय दिलं. तिची झोप तिला मिळाली, हे थोडं नाही. पण खुंटा सुटला तेव्हा त्याला बांधलेली आठवणही सुटली. प्लेटोच्याच 'फीड्रस'मध्ये इजिप्तच्या राजाची गोष्ट आहे. लेखनकलेचा शोध लावणारा देव मोठ्या अभिमानाने ती घेऊन येतो, आणि राजा म्हणतो, याने माणसं विसराळू होतील, बाहेरच्या खुणांवर विसंबतील. गंमत अशी की ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणून.

आपल्याकडे हे लिहून ठेवण्याचं काम झालं. पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकापासून गावोगाव जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आणि त्यांनी नुसती ओवी नोंदवली नाही, म्हणणारी कोण आणि गाव कोणतं तेही नोंदवलं. मला आज ज्या मुद्द्यावर यायचं होतं तो हा.

आपण फार सहज म्हणतो, लोकगीताला कर्ता नसतो. ते समाजाचं असतं, देवीचं असतं. ऐकायला हे उदात्त वाटतं. पण ज्ञानदेवांची ओवी शारदेची असूनही ज्ञानदेवांची राहते. 'तुका म्हणे' पुसलं जात नाही. तुकोबांनी तर परोपरीने सांगितलं की बोलवणारा दुसराच आहे, तरी नाममुद्रा आहेच. मग दळणारीचीच ओवी तेवढी निनावी का? जिथे नाव टिकवण्याची साधनं होती, तिथे देवीला श्रेय देऊनही कवीचं नाव टिकलं. जिथे नव्हती, तिथे देवीच्या नावाखाली माणूस नाहीसा झाला. ज्या समाजाने विद्येची देवता बाई मानली, त्याच समाजात मुलींच्या हातात पाटी द्यायला जोतिराव आणि सावित्रीबाईंना १८४८ साली पुण्यात शाळा काढावी लागली, आणि त्यासाठी छळ सोसावा लागला. ग्रीकांचंही फार वेगळं नव्हतं. नऊच्या नऊ देवता बायका, आणि नावाने टिकलेले कवी बहुतेक पुरुष. सॅफोसारखी एखादी निघाली तर तिला कौतुकाने दहावी म्यूझ म्हणून टाकलं. म्हणजे देवी केली! कवी म्हणून रांगेत उभं करण्यापेक्षा ते सोपं असतं.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. जळगावजवळ असोद्याला १८८० मध्ये जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता रचत गेल्या. सरस्वतीला त्यांनी आई म्हटलं आहे, तीच बोलायला शिकवते असं म्हटलं आहे. राजशेखराच्या कथेची आणि बहिणाबाईंची भेट झालेली असणं शक्य नाही, आणि तरी दोघं एकाच नात्याने तिला ओळखतात. गाणी कागदावर उतरली ती मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी लिहून घेतली म्हणून. १९५१ मध्ये त्या गेल्या. १९५२ मध्ये पुस्तक निघालं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. लिहून घेणारी ती एक कडी घरात नसती, तर आज आपण त्या ओळींना खानदेशी लोकगीतं म्हटलं असतं. कर्ता अज्ञात.

म्हणून हेसिअड लक्षात ठेवा म्हणालो होतो. देवतेला श्रेय देणं आणि स्वतःचं नाव सांगणं यांत विरोध नाही. 'हे माझं नाही' आणि 'हे मी गायलो' ही दोन वाक्यं एकाच माणसाला एकाच दमात म्हणता येतात. पहिल्याने अहंकार जागेवर राहतो, दुसऱ्याने माणूस जागेवर राहतो. पहिलं वाक्य गाणाऱ्याने म्हणावं, ते त्याला शोभतं. दुसरं मात्र ऐकणाऱ्याने त्याच्या वतीने जपायचं असतं. आपण ऐकणारे उलट करतो. गाणाऱ्याच्या नम्रतेचा फायदा घेऊन त्याचं नाव गाळतो.

आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्याच्यावर आजीची ओवी, बोहाड्यातलं सारजेचं गाणं, ठाकरांच्या नाचातलं गाणं तुम्ही मुद्रित करता, पुढे पाठवता. चांगलंच करता. त्यात एवढंच जोडा. गाणारीला विचारून घ्या, की पुढे पाठवू का. हो म्हणाली तर तिचं नाव, गाव, आणि हे गाणं तिने कुणाकडून घेतलं तेही तिच्याच तोंडून मुद्रित करा. बहुतेक वेळा ती म्हणेल, माझं कसलं नाव, आमच्या आईची आहे ती ओवी. मग आईचं नाव विचारा. आईला कुणी शिकवली ते विचारा. तीन-चार नावं मागे जाता येईल. त्याच्याही मागे कोण आहे, शारदा की म्नेमोसिनी, हा वाद आपण तत्त्वज्ञानाच्या मास्तरांकडे सोपवू.